टीटी घेतलंय, मग दुसरं इंजेक्शन कशाला?

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. चार दिवसांपूर्वी बागेत शेणखत पसरताना त्यांच्या पायात खिळा घुसला, चपलेचा तळ फोडून चांगला खोल. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी जखम धुतली, टीटीचं इंजेक्शन दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ‘अजून एक इंजेक्शन घ्यावं लागेल, अँटिबॉडीचं.’ ते ऐकताच बाबा उठून उभे राहिले. कॉलेजात असताना त्यांच्या हाताला मोठी जखम झाली होती, तेव्हा त्यांना ‘घोड्याचं इंजेक्शन’ दिलं होतं. आठ-दहा दिवसांनी अंगभर पित्त उठलं, ताप आला, गुडघे-मनगटं सुजली. ‘ते पुन्हा नको’ म्हणत ते घरी निघून आले. आता जखम वरून सुकली आहे, ते हिंडतात-फिरतात आणि म्हणतात, ‘टीटी घेतलंय, झालं.’ भावाचं म्हणणं, अँटिबायोटिक चालू आहे तर वेगळं काही नको. मी सहा महिन्यांची गरोदर आहे. मलाही टिटॅनसची लस दिली, पण फक्त लसच. त्यावर बाबांचा टोमणा, ‘हिला एक आणि मला दोन?’ ते इंजेक्शन खरंच गरजेचं आहे का? आता उशीर झाला का? आणि तयार अँटिबॉडी मिळतातच, तर सगळ्यांनी वर्षातून एकदा त्याच का टोचून घेऊ नयेत?
– काळजीत पडलेली मुलगी

उत्तर : (पत्र मिळालं त्याच दिवशी पहिल्या तीन परिच्छेदांतला मजकूर या वाचक ताईंना कळवला होता. बाकीचं इथे सविस्तर, कारण ‘टीटी घेतलं की झालं’ ही समजूत घरोघरी आहे.)

बाबांना आजच घेऊन जा आणि ते दुसरं इंजेक्शन द्या. चार दिवस गेले म्हणजे वेळ टळली असं नाही. धनुर्वाताची लक्षणं जखमेनंतर साधारण तीन ते एकवीस दिवसांत दिसायला लागतात, म्हणजे बाबा अजून धोक्याच्या मुदतीतच आहेत. पहिल्या संध्याकाळीच घेतलं असतं तर उत्तम झालं असतं, पण उशीर झाला म्हणून घ्यायचंच नाही, हे जास्त वाईट. निघण्याआधी फोन करून एकच विचारा, ‘ह्यूमन टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन आहे का?’ (हेच ते अँटिबॉडीचं इंजेक्शन. अँटिबॉडी म्हणजे धनुर्वाताच्या विषाला धरून निकामी करणारी रक्तातली प्रथिनं.) प्रत्येक दवाखान्यात ते ठेवलेलं असतंच असं नाही आणि दुखऱ्या पायाने बाबांना तीन ठिकाणी फिरवण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना चार गोष्टी सांगा. त्या ‘घोड्याच्या इंजेक्शन’ने, म्हणजे घोड्याच्या सीरमने (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवाने), पूर्वी काय झालं होतं. बाबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात का. रक्त किंवा रक्तापासून बनवलेलं कुठलं औषध दिल्यावर कधी त्रास झाला होता का. आणि लहानपणापासून आजपर्यंत टिटॅनसची लस किती वेळा घेतली. शेवटच्या प्रश्नाला ‘आठवत नाही’ हेच खरं उत्तर असेल तर तेच द्या. अंदाजाने ‘घेतली असेल’ म्हणू नका, कारण त्या एका वाक्यावर पुढचा सगळा निर्णय फिरतो.

आणि पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा. तोंड पूर्ण उघडत नाही, जबडा आखडल्यासारखा वाटतो, मान किंवा पाठ ताठ होते, घास गिळताना अडतो, जखमेच्या आसपासचे स्नायू आपोआप आवळतात, यातलं काहीही जाणवलं तर नेहमीच्या दवाखान्यात न थांबता थेट अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. ‘दाढ दुखत असेल’ म्हणून दोन दिवस घालवलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले असतात.

आता बाबांची भीती. ती खुळी नाही. त्यांना जे झालं त्याला सीरम सिकनेस म्हणतात आणि १९०५ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या दोन डॉक्टरांनी त्याचं इतकं नेमकं वर्णन करून ठेवलंय की बाबांची हकिगत त्यात जशीच्या तशी सापडते. त्या काळी घोड्याला धनुर्वाताचं निष्प्रभ केलेलं विष थोडं थोडं टोचत, त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या की रक्त काढून त्यातलं सीरम माणसाला देत. त्या सीरममध्ये हव्या त्या अँटिबॉडीबरोबर घोड्याची इतर प्रथिनंही येत. आपलं शरीर ती परकी म्हणून ओळखतं आणि त्यांच्याविरुद्ध स्वतःच्या अँटिबॉडी बनवायला घेतं. त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो. मग दोन्हींचे एकमेकांना चिकटलेले पुंजके त्वचेत, सांध्यांत अडकतात आणि पित्त, ताप, सूज हे सगळं एकदम उपटतं. म्हणून त्रास दुसऱ्या दिवशी न होता आठ-दहा दिवसांनी झाला. काहींना तर घोड्याचं सीरम टोचताक्षणीच श्वास कोंडून जिवावर बेतायचं. हातावर आधी थेंबभर टोचून वाट बघायची पद्धत त्यामुळेच होती. वडीलधाऱ्यांना ती अजून आठवते.

घोड्याच्या सीरमचा एक प्रसंग तर औषधांच्या इतिहासात कायमचा नोंदला गेलाय. १९०१ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जिम नावाच्या घोड्याच्या रक्तातून घटसर्पाचं सीरम काढलं जात होतं. त्या घोड्यालाच धनुर्वात झाला होता आणि ते लक्षात येऊनही त्याचं काही सीरम मुलांना टोचलं गेलं. १३ मुलं दगावली. घटसर्पातून वाचवायला दिलेल्या औषधाने धनुर्वात झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने लसी आणि सीरम बनवणाऱ्यांवर सरकारी देखरेख ठेवणारा कायदा केला. तेव्हा घोड्याच्या इंजेक्शनचं नाव काढताच उठून जाणारे तुमचे बाबा काही पहिले नव्हेत.

पण त्यांना आता जे द्यायचं आहे ते घोड्याचं नाही. टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन माणसांच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरणाऱ्या द्रवापासून बनतं. ज्यांनी लस घेतलेली आहे आणि ज्यांच्या रक्तात धनुर्वाताविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर आहेत, अशा दात्यांचा प्लाझ्मा गोळा करून त्यातला अँटिबॉडीचा भाग वेगळा काढतात. घोड्याची प्रथिनं त्यात नाहीत, त्यामुळे बाबांना तेव्हा झाला तसला त्रास यातून होणं अपेक्षित नाही. टोचलेल्या जागी दुखणं, जरा कणकण, एवढं होऊ शकतं. दुसऱ्याच्या रक्तातून काही रोग येईल का, हा पुढचा प्रश्न ते विचारतीलच. दात्यांची तपासणी होते आणि प्लाझ्मावर विषाणू निकामी करण्याची प्रक्रिया करतात. काही ठिकाणी घोड्याचं सीरम अजूनही वापरात आहे, म्हणून बाटली किंवा सिरिंज फोडण्याआधी खोका बाबांच्याच हातात द्या. त्यावर ‘ह्यूमन’ हा शब्द त्यांनी स्वतः वाचू दे. माझा अनुभव असा की घाबरलेल्या माणसाला दहा मिनिटं समजावण्यापेक्षा खोका हातात देणं जास्त उपयोगी पडतं. आणि कुणी ‘आमच्याकडे घोड्याचंच आहे’ म्हणालं तर बाबांचा जुना त्रास सांगून दुसरीकडे चौकशी करा.

‘टीटी घेतलंय, झालं’ याबद्दल. टीटी म्हणजे लस (आता बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी टीडी देतात, त्यात टिटॅनसबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण असतं). लसीत असतं ते जंतूचं विष, पण फॉर्मलिनने निरुपद्रवी केलेलं. ते पाहून शरीराने स्वतः अँटिबॉडी बनवायच्या. ज्यांनी पूर्वी पूर्ण डोस घेतलेत त्यांच्या शरीराला ही ओळख आधीपासून असते, एक डोस मिळाला की काही दिवसांत अँटिबॉडी भराभर वाढतात. ज्यांनी कधीच घेतली नाही त्यांच्या बाबतीत मात्र पहिल्या डोसने भरवशाचं संरक्षण मिळतच नाही. ते मिळतं दुसऱ्या डोसनंतर, म्हणजे महिन्याभराने आणि वर काही दिवस. बाबांच्या पायात जंतू गेलेत चार दिवसांपूर्वी. शरीर शिकेपर्यंत जंतू थांबणार नाहीत.

म्हणून तयार अँटिबॉडी. हे उसनं संरक्षण आहे. दुसऱ्या कुणाच्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी टोचायच्या, दोन-तीन दिवसांत त्या रक्तात पुरेशा उतरतात आणि जंतूने सोडलेलं विष मज्जातंतूंपर्यंत पोचण्याआधीच त्याला धरून निकामी करतात. पण उसनं ते उसनंच. साधारण तीन आठवड्यांत त्यातल्या निम्म्या संपतात, पुढच्या तीन आठवड्यांत उरलेल्यातल्या निम्म्या, आणि काही महिन्यांनी हिशेबात धरावं असं काही राहत नाही. शरीर त्यातून काहीच शिकत नाही. आता बाबांच्या कॉलेजातल्या इंजेक्शनचा विचार करा. ‘मी टिटॅनसचं घेतलंय पूर्वी’ असं त्यांच्या मनात कुठेतरी असेल, पण ते सीरम होतं, लस नव्हे. माणसाच्या अँटिबॉडीपेक्षा ते लवकर संपलं आणि मागे उरला तो फक्त धसका. डोस मोजताना ते शून्य धरायचं.

दोन्ही एकाच दिवशी दिली तर एकमेकांना मारत नाहीत का, असा प्रश्न चौकस वाचक विचारतात. रास्त प्रश्न आहे. अँटिबॉडीचं कामच टिटॅनसच्या विषाला धरणं आणि लसीत त्याच विषाचं निरुपद्रवी रूप. म्हणून सिरिंज वेगळी आणि जागाही वेगळी, एक या दंडात तर दुसरं त्या दंडात किंवा मांडीत. एवढं पाळलं की दोन्ही आपापलं काम करतात. नेहमीचा प्रतिबंधक डोस २५० युनिट असतो. जखम होऊन २४ तास उलटले असतील, ती फार घाण असेल किंवा भाजलेलं असेल तर काही देशांच्या नियमांनुसार ५०० देतात. बाबांना किती, ते डॉक्टर ठरवतील.

‘हिला एक आणि मला दोन’ याचंही उत्तर यातच आहे. तुमचे लहानपणीचे डोस झाले असतील तर तुम्हाला उसनं काही लागत नाही, आणि तुमच्या पायात खिळाही गेलेला नाही. उलट तुम्हाला लस दिली ती बाळासाठीही. तुमच्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात, शेवटच्या महिन्यांत सगळ्यात जास्त, आणि जन्मानंतरचे पहिले काही आठवडे त्याला राखतात. म्हणजे बाबांना दवाखान्यात जे मिळणार तेच तुम्ही बाळाला घरबसल्या देताय. नवजात बाळांचा धनुर्वात नाळेच्या जखमेतून होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ साली जगभरात त्याने ७,८७,००० बाळं गेली, तर २०१८ साली २५,०००. स्वच्छ बाळंतपणं आणि आयांना दिलेली लस, या दोन गोष्टींनी हा फरक पडला. यात एक बाजू दुर्लक्षित राहिली ती पुरुषांची. बायकांना निदान गरोदरपणात लस मिळते. बाबांच्या पिढीतल्या पुरुषांना ना लहानपणी पूर्ण डोस मिळाले, ना नंतर कुणी बोलावून दिले. उतारवयातल्या पुरुषाने ‘माझे डोस पूर्ण आहेत’ म्हटलं की मी तरी कार्ड मागतो.

भावाच्या मुद्द्याकडे वळते गाडी, कारण तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत जास्त फसवा आहे. अँटिबायोटिक जंतू मारतं. धनुर्वातात माणूस जंतूने मरत नाही, जंतूच्या विषाने मरतो. क्लॉस्ट्रिडियम टेटानी हा जंतू जखमेच्या बाहेर फारसा पसरतही नाही, जिथे शिरला तिथेच बसून विष सोडतो. ते विष इतकं जहाल की माणसाला मारायला वजनाच्या दर किलोमागे सुमारे २.५ नॅनोग्रॅम पुरतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. साठ किलोच्या माणसाला १५० नॅनोग्रॅम, कुठल्याही काट्यावर दिसणार नाही इतकं. यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. धनुर्वातातून बरा झालेला माणूसही त्या रोगापासून सुरक्षित होत नाही, कारण जिवावर बेतवणारं विषही शरीराला ओळख पटण्याइतकं जास्त नसतं. बरं झालेल्यालाही लस द्यावीच लागते. गोळ्यांनी जखमेतले जंतू कमी होतील, इतर जंतूंचं पू होणं टळेल, म्हणून कोर्स पूर्ण करा. पण आधीच सुटलेल्या विषाला गोळी हात लावत नाही आणि अँटिबायोटिक हे लसीच्या किंवा अँटिबॉडीच्या जागी चालत नाही.

खिळ्याची जखम फसवी का, तेही सांगतो. लोक गंजाला दोष देतात. गंज धनुर्वात करत नाही. या जंतूचे बीजाणू मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षं टिकतात, साध्या उकळण्यालाही दाद देत नाहीत, आणि हवा मिळाली की गप्प पडून राहतात. त्यांना रुजायला प्राणवायू नसलेली जागा लागते. सुरीने कापलेली जखम उघडी असते, तिला हवा मिळते, ती धुता येते. खिळा मात्र बारीक भोक पाडून खोल जातो, जाताना चपलेच्या रबराचा कण, खत, माती आत ढकलतो, मांस चेंगरतो, आणि बाहेर निघाला की वरची कातडी मिटते. दोन दिवसांत वरून खपली. आत चेंगरलेलं, रक्तपुरवठा तुटलेलं मांस, म्हणजे या जंतूला हवी तशी जागा. ‘जखम वरून सुकली आहे’ हे तुमचं वाक्य वाचून मला मुळीच हायसं वाटलं नाही. डॉक्टरांना ती पुन्हा बघायला सांगा. आत काही राहिलंय असा संशय आला तर ते भूल देऊन तोंड मोकळं करतील आणि मेलेला भाग काढतील. अँटिबॉडी विषाला पकडतात, विषाचा कारखाना बंद करायला जखमच साफ व्हावी लागते.

आणि हे सगळं लक्षणं दिसण्याआधी का, तर विष एकदा मज्जातंतूत शिरलं की अँटिबॉडी तिथे पोचत नाहीत. ते विष मज्जातंतूच्या आतून प्रवास करत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातं आणि स्नायूंना ‘आता सैल हो’ सांगणारे संदेश बंद पाडतं. आवळा हा हुकूम चालू राहतो, सोडा हा हुकूम निघतच नाही. आधी जबडा, मग मान, पाठ कमानीसारखी वाकते, दार वाजलं किंवा दिवा लागला तरी झटका येतो, आणि या सगळ्यात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. रोग झाल्यावरही रुग्णालयात अँटिबॉडी देतातच, कारण रक्तात अजून मोकळं फिरणारं विष त्या पकडतात. पण जे आत चिकटलं ते सुटत नाही. मज्जातंतूंची नवी टोकं फुटेपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, रुग्णाला व्हेंटिलेटरवर आणि गुंगीत सांभाळायचं एवढंच हाती राहतं. चांगल्या अतिदक्षता विभागातही दहातले एक-दोन जातात. ती सोय नसेल तर याहून कितीतरी जास्त.

या उपचाराचं मूळ फार जुनं आहे. कितासातो शिबासाबुरो या जपानी संशोधकाने १८८९ मध्ये बर्लिनला, रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत, धनुर्वाताचा जंतू पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वाढवला. पुढच्या वर्षी त्याने आणि एमिल बेरिंगने दाखवलं की धनुर्वाताला दाद न देणाऱ्या सशाचं रक्त उंदरांना टोचलं तर उंदीरही वाचतात. संरक्षण रक्तातून एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे देता येतं, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. १९०१ चं वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल सीरम उपचारासाठी दिलं गेलं, पण एकट्या बेरिंगला. कितासातोला वगळलं हे मला अजून पटत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, १९१४ मध्ये, खत घातलेल्या शेतांत खणलेल्या खंदकांमधून धनुर्वाताचे पुष्कळ रुग्ण आले. प्रत्येक जखमी सैनिकाला सीरम टोचायला लागल्यावर ते प्रमाण झपाट्याने उतरलं.

इथे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं, वर्षातून एकदा अँटिबॉडीच का घेऊ नयेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सीरमवर न विसंबता सगळ्यांना आधीच लस दिली. लक्षावधी जखमी झाले आणि संपूर्ण युद्धात धनुर्वाताचे रुग्ण होते १२. सीरमने जे निम्मंशिम्मं साधलं ते लसीने जवळपास पूर्ण केलं. वर्षाला एकदा अँटिबॉडी घेतल्या तर त्या बारातले नऊ-दहा महिने तुम्ही बिनसंरक्षणाचे, शिवाय सगळ्यांना पुरेल इतका प्लाझ्मा आणणार कुठून? त्या दात्यांच्या रक्तात अँटिबॉडी आल्या त्याही लसीमुळेच. कुणीतरी लस घ्यायलाच हवी, तर ती आपणच घेतलेली बरी. अँटिबॉडी हा अडचणीच्या वेळचा उपाय आहे. त्या वेळी त्याला पर्याय नाही, एरवी तो गैरलागू.

मग इतर जंतूंवर अँटिबॉडी का वापरत नाहीत, असं वाटेल. वापरतात, पण मोजक्याच ठिकाणी, आणि ज्या जंतूंचं विषच मारक असतं तिथे त्या उत्तम लागू पडतात. घटसर्पाला आजही अँटिटॉक्सिन देतात, तेही अजून घोड्याचंच. बोट्युलिझम (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार) झालेल्या तान्ह्या बाळांसाठी माणसाच्या प्लाझ्मापासून बनवलेलं औषध आहे, अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली. अँथ्रॅक्सच्या विषाविरुद्ध प्रयोगशाळेत बनवलेली राक्सिबॅक्युमॅब ही मोनोक्लोनल (सगळी एकाच साच्याची) अँटिबॉडी २०१२ मध्ये मंजूर झाली. तिची मंजुरी प्राण्यांवरच्या परिणामांवर आधारलेली आहे, कारण माणसांना मुद्दाम अँथ्रॅक्स देऊन चाचणी कोण घेणार? क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा टेटानीच्याच नात्यातला, अँटिबायोटिकनंतर भयंकर जुलाब लावणारा जंतू. त्याचं दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून २०१६ मध्ये बेझ्लोटॉक्सुमॅब हे अँटिबॉडीचं औषध आलं. चाचण्यांत दुखणं उलटण्याचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून १७ वर आलं, म्हणजे फायदा खरा पण माफक, आणि हृदय कमजोर असलेल्यांत जपून वापरावं लागे. २०२५ च्या सुरुवातीला कंपनीने ते बंद केलं.

न्यूमोनियाच्या जंतूवरही १९३० च्या दशकात सीरम देत. पण त्या जंतूच्या वेष्टनाचे बरेच प्रकार, प्रत्येकाला सीरम वेगळं. आधी रुग्णाच्या थुंकीतून प्रकार ओळखायचा, मग त्याच प्रकारचं सीरम शोधायचं. सल्फा ही जंतुनाशक औषधं आणि नंतर पेनिसिलिन आल्यावर तो खटाटोप कुणी कशाला करेल? धनुर्वाताचं विष मात्र एकाच साच्याचं, एकच अँटिबॉडी सगळीकडे चालते. त्यामुळे इतकी नवी औषधं आली तरी हा जुना उपाय जागेवरून हललेला नाही.

आज इंजेक्शन झालं की बाबांचं काम संपत नाही. पूर्वीच्या डोसची खात्री नसेल तर चार दिवसांपूर्वीचा टीटी हा त्यांचा पहिला डोस समजायचा. दुसरा किमान चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. बहुतेक लोक दुसऱ्यालाच दांडी मारतात, कारण तोवर पाय बरा झालेला असतो. तारखा आजच कार्डावर लिहून घ्या, कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि ‘टीटी’ आणि ‘इम्युनोग्लोब्युलिन’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत ना ते बघून घ्या. तीन डोस पूर्ण झाल्यावर दर दहा वर्षांनी बूस्टर. नंतर कधी माती-शेणाने माखलेली जखम झाली आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटून गेलेली असली, तर फक्त एक लस पुरते, अँटिबॉडी लागत नाहीत. प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषधं चालू असली तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना विचारावं लागेल.

तुमच्या भावाचं कार्डही बघा. शाळेनंतर त्याने डोस घेतला नसेल तर तो बाबांबरोबर जाऊन घेऊ शकतो. आणि आईंना विचारा. त्यांना तुमच्या दोघांच्या वेळी लस मिळाली असेल, पण त्यालाही आता बरीच वर्षं झाली.